एका काळ्या कोंबडीच्या बदल्यात दोन पांढऱ्या

तोकुजी कुरिहारानं आगाफियामावशीला परलोकाच्या वाटेवर अधांतरी अडकवून ठेवलं, ते दोन कोंबड्या, चहाचा एक पुडा आणि एक नवाकोरा टॉवेल देऊन. मन अगदी साफ होतं त्याचं. पण साफ मनाच्या माणसानं घातलेला घोळ निस्तरायला जास्त वेळ लागतो. आपण घोळ घातलाय हेच त्याला पटत नाही.

झालं असं, की आदल्या दिवशी सांता ब्रिजिदाच्या दफनभूमीत आगाफिया कोजोकारूला माती दिली. पेटी खड्ड्यात उतरली तशी तिची मुलगी दोम्निका एका कडेला उभी राहिली, तोकुजीला तिनं समोरच्या कडेला उभं केलं आणि खड्ड्यावरून हात लांब करून एक जिवंत काळी कोंबडी त्याच्या हातात दिली. तोकुजीनं कमरेतून वाकून कोंबडी घेतली, काखेत धरली आणि सबंध दफन होईपर्यंत गंभीर चेहऱ्यानं उभा राहिला. कोंबडी मात्र बोलत होती.

तोकुजीच्या घरी तीन हजार कोंबड्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एका मापाच्या, जणू एकाच कापडातून बेतलेल्या. नवा पक्षी त्यांच्यात एकदम सोडायचा नाही, रोग येतो, हा धंद्याचा नियम. म्हणून त्यानं काळीला न्हाणीघरात ठेवलं आणि बायकोला सांगितलं.

हात्सुएनं आधी कोंबडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "अहो, त्यांच्याकडे तीनच कोंबड्या होत्या ना? त्यातली एक आपल्याला दिली?"

"हो."

"मग आपण काय द्यायचं?"

"तोच विचार करतोय."

जपान्यांच्यात आलेल्या वस्तूच्या निम्म्या किमतीचं परत करतात. पण अर्धी कोंबडी द्यायची कशी? आणि मावशीच्या यजमानांच्या, इग्नातकाकांच्या घरची ओढाताण तर कुंपणावरून दिसत होती. शेवटी दुप्पट द्यायचं ठरलं. सकाळी तोकुजी धुतलेला सदरा घालून दोन उत्तम अंड्यावरच्या कोंबड्या टोपलीत घेऊन गेला. घरी कोणी नव्हतं, सगळे मावशीच्या मातीवर धूप जाळायला गेले होते. त्यानं टोपली ओसरीवर ठेवली, शेजारी चहाचा पुडा आणि टॉवेल ठेवला, चिठ्ठीवर आपलं नाव लिहिलं, रिकाम्या ओसरीला वाकून नमस्कार केला आणि हलक्या मनानं परत आला.

तासाभरानं दोम्निका कुंपणाशी आली. "तोकुजीदादा, टोपली तुम्ही ठेवलीत?"

"हो. फार काही नाही, आपलं असंच..."

"आईच्या कोंबडीच्या बदल्यात?"

"हो ना."

दोम्निकानं ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि ती घरात गेली. त्या दिवसापासून तिनं कुंपणाकडचं कपडे वाळत घालणं बंद केलं.

ही दोन घरं शेजारी कशी आली ते सांगायला हवं. कुरिहारांची बोट आणि कोजोकारूंची बोट एकाच वर्षी सांतुसच्या धक्क्याला लागली. एक जपानहून, एक रोमानियाहून. दोघांनाही कोणीतरी सांगितलं होतं, की ब्राझीलमध्ये कॉफीच्या झाडाला सोनं लागतं. दोघांनाही एकाच मळ्यावर, एकाच चाळीत, भिंतीला भिंत लावून खोल्या मिळाल्या आणि दोघांनाही एकच मुकादम मिळाला. सोन्याची चौकशी आठवड्याभरात थांबली.

तोकुजी तेव्हा एवढासा होता. दोन वर्षांत त्याचा बाप तापानं गेला. तेव्हा आगाफियामावशी मोठ्या पातेल्यात मक्याच्या पिठाचा घट्ट पिवळा गोळा आणि आंबवलेल्या कोबीची भाजी घेऊन आली. तोकुजीची आई पातेलं घासून, त्यात मुळ्याचं लोणचं घालून परत पाठवायची. भांडं रिकामं जायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम. ते पातेलं त्या भिंतीच्या अल्याडपल्याड इतकी वर्षं फिरलं, की मूळ कोणाचं हे दोन्ही घरं विसरली. तोकुजी मक्याचा गोळा खाऊन मोठा झाला आणि इग्नातकाकांना मुळ्याच्या लोणच्याशिवाय दारू चढेना.

पुढे दोन्ही घरांनी मळा सोडून जमीन घेतली, तीही शेजारी. आणि तिथून पुढे इग्नातकाकांना आयुष्यभर पुरेल असा एक विषय मिळाला. तो म्हणजे, एकाच वर्षी उतरलेल्या दोन जमातींपैकी एकीचं असं आणि एकीचं तसं का झालं.

जपान्यांची आता गावात चाळीस घरं. त्यांची सोसायटी, सोसायटीचं गोदाम, गोदामामागे शाळा, शाळेमागे बेसबॉलचं मैदान. रोमानियन घरं होती तीस, उरली चार. बाकीचे साओ पावलोला गेले. कोणी मोटारी दुरुस्त करतो, कोणी सुतारकी करतो, एकानं सॉसेजचं दुकान काढलंय आणि तो दर नाताळाला फोटो पाठवतो, सॉसेज पाठवत नाही.

"अरे, कारण सोपं आहे," इग्नातकाका कुंपणावर कोपर टेकून म्हणत. "तुम्ही पाच घरं जमलात की भिशी काढता. आम्ही पाच घरं जमलो की पिंप उघडतो."

"पण काका, माझं पहिलं खुराडं भिशीनं उभं नाही राहिलं. भिशीतून तारेची जाळी आली आणि पिल्लं आली. खांब रोवले ते तुम्ही सगळ्यांनी इर्जिक करून."

"आणि दुसऱ्या दिवशी तू काय केलंस? प्रत्येकाच्या दारात मजुरी घेऊन उभा! सगळी रोमानियन वस्ती तुझ्यावर रुसली होती. इर्जिकीला जेवण घालायचं असतं गाढवा, पगार नाही."

"जेवण घातलं होतं की."

"भात घातला होतास! त्याच्याबरोबर मासा. कच्चा!"

तोकुजी हसायचा, पण त्याला ते आतून पटायचं नाही. देणं राहिलं की त्याच्या अंगाला खाज सुटल्यासारखं व्हायचं. पावसात कोणी छत्री दिली तर छत्रीबरोबर सहा अंडी. न्हाव्यानं सुटे नाहीत म्हणून कमी घेतले तर तो परत दोन मैल चालत जाऊन उरलेले द्यायचा. गावात त्याचं नावच पडलं होतं, परतफेडशेट.

आगाफियामावशीला या गोष्टीची चीड होती. युद्धाच्या वर्षांत जपानी बोलायची बंदी आली, सोसायटीचा पैसा सरकारनं गोठवला, जपान्याच्या हातचं अंडं घ्यायला बाजारात कोणी धजेना. तेव्हा मावशी तोकुजीची अंडी आपल्या कोबीच्या गाड्यावर घालून, आपली म्हणून विकत होती. युद्ध संपल्यावर तोकुजी अडत घेऊन आला. मावशीनं त्याला पळीनं मारत फाटकापर्यंत नेलं. "मी तुझी हमाल आहे का रे, मेल्या?" तरी त्यानं पैसे कोबीच्या पिंपावरच्या दगडाखाली ठेवलेच. मावशीनं ते गावच्या इटालियन पाद्र्याच्या मेणबत्तीपेटीत टाकले आणि आठवडाभर तोकुजीशी बोलली नाही.

अशा माणसानं एक कोंबडी परत केली, यात नवल ते काय?

पण दोम्निका बोलेना. तोकुजी कुंपणाशी खाकरला की ती आत जाई. हात्सुए म्हणाली, "कमी पडलं असेल हो. त्यांच्यात मयताच्या वेळी जास्त द्यायचं असेल."

तोकुजी सल्ल्यासाठी मुराकोशी-सानकडे गेला. हे सोसायटीचे अध्यक्ष, गावातले सर्वांत वयस्कर जपानी. शिष्टाचारातलं त्यांना कळत नाही असं काही नाही, अशी त्यांची स्वतःची ठाम समजूत होती.

"दोन कोंबड्या," मुराकोशी-सान डोळे मिटून म्हणाले. "टॉवेल नवा होता?"

"नवा."

"चहा?"

"चांगल्यातला."

"मग तांदळाचं पोतं पाठवा. आणि तुमच्या बायकोला पाठवू नका, स्वतः जा."

पोतं खांद्यावर मारून तोकुजी निघाला. नशीब, की कुंपणाशी इग्नातकाकाच भेटले. ते त्या पोत्याकडे असे बघत राहिले, जसा माणूस आपल्या घराकडे येणाऱ्या पुराकडे बघतो.

"खाली ठेव," ते म्हणाले. "आमच्या बाजूला नाही! तुझ्या बाजूला. आधीच म्हातारीला काट्यांत उभं केलंयस, आता पोत्याखाली चिरडतोस का?"

"काका, माझं चुकलं काय ते तरी सांगा."

इग्नातकाकांनी टोपी काढली. बायको गेल्यापासून ते थट्टा करत, पण थट्टेच्या शेवटी त्यांचा आवाज कुठेतरी घसरे. "मेलेलं माणूस चाळीस दिवस वाटेवर असतं. वाट काट्यांची, अंधाराची. थडग्यावरून दिलेली कोंबडी पुढे चालते आणि पायांनी काटे उकरून वाट साफ करते. इथं तू घेतलीस की तिथं तिला मिळाली. पण तू मोल दिलंस, मग ते दान उरलं का? बाजार झाला. कोंबडी तुझी झाली, तिची नाही. दोम्निका म्हणते, आई मध्येच उभी आहे, ना पुढे, ना मागे. चाळिसाव्याची पंगत घालणार नाही म्हणते. वाटच सापडली नाही त्या बाईसाठी कसली पंगत?"

तोकुजी पोत्यावर बसला. मावशी काट्यांत उभी आहे आणि पुढे कोणी नाही, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं. तो त्यातलं काही मानत नव्हता. पण मावशी मानत होती आणि वाट तिची होती.

"पण काका, ती कोंबडी तुम्ही गरिबाला देता ना? आता आठवतंय, तुमच्यातली तोदोरा गेली तेव्हा एका भिकाऱ्याला दिली होती. मला का दिली?"

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, बाई, तीन हजार कोंबड्यांच्या मालकाला? पण म्हातारीनंच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, तोकुजीला द्या, अख्ख्या गावात त्याच्याइतकं गरीब कोणी नाही. बिचाऱ्याला फुकट काही घेताच येत नाही."

तोकुजी पोत्याची सुतळी सोडून पुन्हा बांधत राहिला.

"यावर उपाय?" त्यानं शेवटी विचारलं.

"दिलेलं परत घेऊन जा. कोंबड्या, चहा, टॉवेल, सगळं. लोकांच्या देखत, म्हणजे तिकडेही दिसेल."

हे ऐकून तोकुजीचा चेहरा पडला. दिलेली वस्तू परत मागणं म्हणजे जपानी वस्तीत नाक कापून घेणं. त्यापेक्षा त्यानं तीनशे कोंबड्या हसत दिल्या असत्या. पण शनिवारी सकाळी, सोसायटीचे ट्रक बाजाराला निघतात नेमक्या त्या वेळी, तो कोजोकारूंच्या फाटकात उभा राहिला. दोम्निका दाराच्या चौकटीत आली. रागानं की उत्सुकतेनं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"मी दिलेलं न्यायला आलोय," तोकुजी म्हणाला. कान लाल झाले होते.

"न्या," दोम्निका म्हणाली.

पण पांढऱ्या कोंबड्यांना स्वातंत्र्याची चटक लागली होती. जन्मभर तारेच्या पेटीत राहिलेल्या त्या दोघींनी इतक्या दिवसांत पळायला, उडायला आणि माणसाला बनवायला शिकून घेतलं होतं. एक गाड्याखाली शिरली, दुसरी थेट पेरूच्या झाडावर. कोंबड्यांच्या धंद्यात उभी हयात गेलेला माणूस दोन कोंबड्यांमागे अंगणभर धावतोय, हे बघायला रस्त्यावर दोन ट्रक थांबले.

"कुरिहारा-सान, काय झालं?" ट्रकमधून कोणीतरी ओरडलं.

"दिलेल्या कोंबड्या परत नेतोय!" तोकुजी धापा टाकत ओरडला. आयुष्यात प्रथमच त्यानं लाजिरवाणी गोष्ट एवढ्या मोठ्यानं सांगितली.

ट्रकमधल्या सगळ्यांनी नजरा दुसरीकडे वळवल्या.

इग्नातकाका ओसरीवरून सूचना देत होते. "डावीकडे! अरे डावीकडे! चाळीस वर्षं पोर्तुगीज बोलतोस, डावं-उजवं कळत नाही?"

"काका, टॉवेल?"

इग्नातकाकांनी गळ्याभोवतीचा टॉवेल चाचपला. तो रोज वापरून त्यांच्यासारखाच मऊ आणि काळपट झाला होता. त्यांनी तो नाइलाजानं सोडून दिला. "चहाचा पुडा बंदच आहे. तुमचा तो गवताचा काढा कोण पिणार?"

शेवटी पेरूवरची कोंबडी दोम्निकानंच दाणे दाखवून उतरवली आणि टोपलीत घातली. तेवढ्यात गाड्याखाली एक अंडं सापडलं. हे कोणाचं? तोकुजीचं म्हणणं, अंगण तुमचं, अंडं तुमचं. इग्नातकाकांचं म्हणणं, कोंबडी तुझी, अंडं तुझं, ठेवलंस तर पुन्हा देणं झालं! दोघं कायदा काढून बसले. दोम्निकानं अंडं उचललं, खांबावर फोडलं आणि कुत्र्यापुढे टाकलं. "झालं?" ती म्हणाली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात थोडंसं काहीतरी हललं. मग ती आत जाता जाता म्हणाली, "पंगतीला या. पण रिकाम्या हातानं. नाहीतर येऊ नका."

पंगतीच्या सकाळी हात्सुएनं नवऱ्याचे सगळे खिसे उलटे केले. सदऱ्याच्या आतल्या खिशात दुमडलेली नोट निघाली.

"ही कशाला?"

"असू दे. लागली तर."

"मेणबत्तीच्या पेटीत टाकाल, ताटाखाली ठेवाल, मला माहीत नाही का तुम्ही?" तिनं सुट्या नाण्यांसकट सगळं काढून घेतलं. खरं तर तिचेही हात शिवशिवत होते. तिनं स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली.

फाटकाशी इग्नातकाकांनी तोकुजीची पुन्हा झडती घेतली. मग कानात शिकवलं, "वस्तू हातात आली की 'आभारी आहे' म्हणायचं नाही. आभार म्हणजे हप्ताच की रे. म्हणायचं, बोगदाप्रोस्ते. म्हणजे, देव तिला क्षमा करो. बस्स. त्यापुढे गप्प."

अंगणात लांब टेबल मांडलं होतं. साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू, वेणीसारखे गोल पाव, कोबीच्या पानांतला भात, वाइन. साओ पावलोहून सॉसेजवालासुद्धा आला होता आणि खरोखरच सॉसेज घेऊन आला होता. रोमानियन पोरं आपापसात पोर्तुगीज बोलत होती आणि इग्नातकाका हळहळत होते, तशी हळहळ शेजारच्या चाळीस घरांतही रोज ऐकू यायची. त्या बाबतीत दोन्ही जमाती बरोबरीत सुटल्या होत्या.

जेवणाआधी दोम्निका एक खुर्ची घेऊन आली. मावशीची, वेताची, पाठीला शेवंतीच्या रंगाची उशी. खुर्चीवर खोलगट ताटली, चमचा आणि पेटती मेणबत्ती.

"आईला तिकडे बसायला हवी," ती म्हणाली. "उभी राहून राहून पाय दुखले असतील तिचे. घ्या दादा."

तोकुजीनं दोन्ही हात पुढे केले. त्यानं खुर्ची घेतली. जन्मभराची सवय ओठांवर आली. मी उद्या, मी तुम्हाला, निदान एवढं तरी. इग्नातकाका त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, जणू तिथून ससा निघणार होता.

"बोगदाप्रोस्ते," तोकुजी म्हणाला. आणि त्यापुढे गप्प बसला.

दोम्निकानं सुस्कारा सोडला, चाळीस दिवसांचा. मेणबत्तीची ज्योत त्यानं थरथरली, पण विझली नाही. "बसा आता. तुम्ही टेकलात की तीही टेकेल," ती खुर्चीवरची ताटली आणि मेणबत्ती टेबलावर ठेवत म्हणाली आणि पहिलं वाढप त्याच्या ताटात केलं. "कोबी घ्या. तुमच्यासाठी आंबट जास्त केलाय. आणि उद्यापासून हात्सुएवहिनींना सांगा, दोरी माझ्याच बाजूला बांधा, तुमच्याकडे ऊन येत नाही."

संध्याकाळ व्हायच्या आत तोकुजी डोक्यावर खुर्ची उलटी घेऊन मोठ्या रस्त्यानं निघाला. खरं तर कुंपणावरून दोन ढांगांत घर होतं. पण पंगतीत मिळालेली वस्तू कुंपणावरून ढकलायची नाही, रस्त्यानं, चारचौघांत न्यायची, असं इग्नातकाकांनी बजावलं होतं. ही रीत खरी होती की काकांनी तिथल्या तिथे बनवली, ते कोणी विचारलं नाही. वळणावर मुराकोशी-सानची मोटार थांबली.

"छान खुर्ची. कितीला घेतली?"

"घेतली नाही. मिळाली."

"असं. मग काय पाठवणार?"

"काही नाही."

मुराकोशी-सानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तोकुजीकडे नीट बघितलं. "काहीच नाही?"

"काहीच नाही," तोकुजी म्हणाला. ऐकताना त्यालाच नवल वाटलं, आकाश जागच्या जागीच होतं.

पुढे बेंतूची कॉफीची टपरी लागली. ऊन अजून कडक होतं. तोकुजीनं आंब्याच्या सावलीत खुर्ची मांडली आणि तिच्यात बसला. पाठ टेकून, पाय लांब करून, मावशी बसायची तसा. बेंतूनं न विचारता कॉफी आणून दिली. ती पिऊन झाल्यावर तोकुजीचा हात सवयीनं खिशात गेला आणि कापडापर्यंत पोचून थांबला.

"बेंतू, माझ्याकडे आज पैसे नाहीत."

बेंतू आधी हसला. मग परतफेडशेटचा चेहरा बघून हसायचा थांबला. "बरं वाटत नाही का तुम्हाला? जाऊ द्या, पुढच्या वेळी द्या."

"बरं," तोकुजी म्हणाला.

त्यानंतर तो त्या टपरीवरून कितीदा तरी गेला आहे. प्रत्येक वेळी खिशात पैसे असतात, प्रत्येक वेळी तो नवी कॉफी पितो आणि नव्या कॉफीचेच पैसे देतो. तेवढी एक कॉफी अजून बाकी आहे.